मामाच्या भीतीनं पळालेली मुलं

अक्रोडाला इंग्रजीत ‘वॉलनट’ म्हणतात. त्यातल्या ‘वॉल’चा भिंतीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘वेअल्ह’ म्हणजे परका, आणि परक्यांच्या मुलखातून आलेलं ते कवचाचं फळ म्हणजे वॉलनट. याच ‘वेअल्ह’चं पुढे ‘वेल्श’ झालं. गंमत अशी की समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आलेल्या सॅक्सनांनी हा शब्द ज्यांना लावला, ती माणसं तिथे शेकडो वर्षं नांदत होती. आलेल्यानं घरच्याला परकं म्हणायचं, आणि हळूहळू त्या शब्दाला ‘गुलाम’ असाही अर्थ चिकटायचा! समोरची माणसं स्वतःला ‘कम्ब्रोगी’ म्हणत, म्हणजे एकाच मुलखातले, आपले. आणि आलेले लोक अँगल असोत, ज्यूट असोत की आणखी कुणी, यांच्या लेखी ते सगळे एकजात सॅक्सन.

रोमची सत्ता उठल्यानंतरच्या, पाचव्या ते सातव्या शतकाच्या या काळावर मुलांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या इंग्रजीत भरपूर आहेत. त्यातल्या बऱ्याच एका साच्यातून निघतात: गाव जळतं, एक मुलगा वाचतो, तलवार हाती येते, सूड घेतला जातो. सॅक्सन म्हणजे पिवळ्या केसांचा, कुऱ्हाडवाला, आग लावणारा. आधीपासून तिथे राहणारा केल्ट म्हणजे हार्प वाजवणारा, झाडांशी बोलणारा, अंगाला निळा रंग फासणारा. हा साचा वाईट आहे, कारण तो खोटा आहे. आणि खोटा असण्यापेक्षा मोठा दोष म्हणजे तो कंटाळवाणा आहे. त्या काळाच्या नोंदींत याहून कितीतरी सरस मुलं सापडतात. ती रणांगणावर नसतात. दोन भाषांच्या मधल्या उंबरठ्यावर उभी असतात.

आधी साचा मोडून घेऊ.

‘मी केल्ट आहे’ हे वाक्य सहाव्या शतकातल्या कुठल्याही पात्राच्या तोंडी घालता येत नाही. ग्रीक-रोमन लेखकांनी हा शब्द युरोपच्या मुख्य भूमीवरच्या लोकांसाठी वापरला होता. वेल्श, कॉर्निश, ब्रेटन, आयरिश या भाषांचं नातं दाखवून त्यांना एका घरात बसवलं ते एडवर्ड लॉइड या वेल्श विद्वानानं, १७०७ साली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘केल्ट’ चालेल, संवादात नाही. तिथे ब्रिटन (बेटावरचा मूळ रहिवासी) हवा, किंवा आयरिश, किंवा आजच्या स्कॉटलंडमधला पिक्ट. आणि ब्रिटन नि आयरिश एकमेकांना भेटले की घडाघडा बोलू लागले, असंही लिहू नये. ब्रिटनांच्या भाषेत मुलगा म्हणजे ‘मॅप’, आयरिशमध्ये ‘मॅक’. डोकं एकीकडे ‘पेन’, दुसरीकडे ‘केन’. कान तयार असला तर नातं ओळखू येतं, पण तेवढ्यावर भांडणसुद्धा नीट करता येणार नाही. बीड नावाच्या भिक्षूनं ७३१ साली इंग्रजांच्या धर्माचा इतिहास लिहून पूर्ण केला. त्याच्या सुरुवातीलाच तो सांगतो की या बेटावर पाच भाषा आहेत: इंग्लिश, ब्रिटिश, आयरिश, पिक्टिश आणि ग्रंथांची लॅटिन. गोष्ट लिहिणाऱ्यानं हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवावं. पाच भाषांच्या बेटावर सगळी पात्रं एकमेकांचं सगळं बोलणं समजत असतील, तर कादंबरी पहिल्याच पानावर फसली.

निळ्या रंगाचंही तसंच. ब्रिटन लोक अंग रंगवतात असं सीझरनं लिहिलं ते इसवी सनाआधी पन्नासेक वर्षं. सॅक्सनांशी गाठ पडली तेव्हा त्यावर पाच-सहाशे वर्षं उलटली होती. तेव्हाचे ब्रिटन ख्रिस्ती होते, मेलेल्यांच्या दगडांवर लॅटिनमध्ये नावं कोरत होते. वेल्सच्या पश्चिमेला काही दगडांवर तेच नाव लॅटिनमध्ये आणि शेजारी ओघम या आयरिश लिपीच्या रेघांत आहे. कॉर्नवॉलच्या टिंटॅजेल कड्यावर पाचव्या-सहाव्या शतकातले मद्याचे नि ऑलिव्ह तेलाचे कुंभ फुटलेले सापडतात, थेट पूर्व भूमध्य समुद्राकडून आलेले. म्हणजे ‘रानटी’ म्हणून रंगवलेल्या माणसाच्या ताटात बायझंटाइन तेल, आणि ‘जेता’ म्हणून रंगवलेला सॅक्सन अजून वोडेन या जुन्या देवाला बळी देतोय. ड्रुइड, म्हणजे जुन्या धर्माचा पुजारी, असलेला आजोबा आणायचा मोह होतोच, तो गिळावा.

सॅक्सनाच्या बाजूनंही एक दुरुस्ती. रोमनांनी सोडलेल्या दगडी भिंती पाहून त्याला काय वाटायचं, हे जुन्या इंग्रजी कवितेत सापडतं: ‘राक्षसांचं काम’. इतके मोठे चिरे माणसानं रचले असतील यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता. नाशिकच्या पांडवलेण्यांचं नाव ऐकत वाढलेल्या मराठी मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ज्यानं बांधलं त्याचं नाव विसरलं की बांधणारा भीम होतो, नाहीतर राक्षस.

आता वर्ष. ‘सहाव्या शतकात’ एवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही. एक वर्ष धरावं लागतं, त्यातला एक ऋतू, आणि मग एक गाव. इसवी सन ४१० च्या सुमारास रोमची सत्ता उठल्यानंतरचं पहिलं शतक लेखकांना आवडतं, कारण तिथे नोंदी जवळपास नाहीत. गिल्डास नावाचा ब्रिटन पाद्री नंतर लिहून ठेवतो की सॅक्सन तीन जहाजांतून आले, बोलावून आले आणि उलटले. पण तो स्वकीयांच्या पापांवर प्रवचन देतोय, इतिहास लिहीत नाहीये. आणि या शतकात शिरलं की दार उघडून दंतकथांतला राजा आर्थर येतोच. गिल्डासनं त्याचं नावही घेतलेलं नाही. नवव्या शतकातल्या एका संकलनात मात्र तो एकाच चढाईत ९६० माणसं एकटा मारतो. बखरी वाचलेल्या वाचकाला हा आकडा कसा वाढतो ते माहीत असतं. आर्थर आला की मुलाची गोष्ट संपते, मुलगा नुसता घोडा धरून उभा राहतो.

माझी पसंती सन ६१६ ते ६६४ या पट्ट्याला. इथे बीड आहे, तारखा आहेत, आणि मुलं आहेत.

सन ६१६. उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रियाचा राजा एथेलफ्रिथ लढाईत मारला गेला. हाच तो, ज्यानं चेस्टरच्या लढाईत प्रार्थना करत उभे राहिलेले ब्रिटन भिक्षू कापून काढले. बीड आकडा बाराशेच्या आसपास देतो. त्याच्या जागी एडविन आला. एडविन हा एथेलफ्रिथच्या बायकोचा, आखाचा, सख्खा भाऊ. म्हणजे गादीवर मामा बसला आणि भाच्यांना पळावं लागलं. कंसाची गोष्ट ऐकलेल्या मुलाला इथे वंशावळ काढून दाखवायची गरज नाही. मधला भाचा ऑस्वाल्ड तेव्हा साधारण बारा वर्षांचा होता, धाकटा ऑस्विउ चारेक वर्षांचा. मोठा भाऊ पिक्टांकडे गेला; हे दोघे उत्तर-पश्चिमेला, दाल रियाताच्या आयरिश बोलणाऱ्या लोकांत वाढले. पुढची सतरा वर्षं.

इथे कादंबरीकारानं थांबून हिशेब करावा. बारा वर्षांच्या मुलाला मातृभाषा पक्की झालेली असते. नवी भाषा तो शिकतो, पण स्वप्नं बहुधा जुन्या भाषेतच पडतात. चार वर्षांच्याचं उलट. त्याला घरची भाषा दादाकडून टिकवून घ्यावी लागते. दोघे भाऊ एकाच झोपडीत आणि दोघांच्या डोक्यात वेगळी भाषा वर, यासारखं नाट्य कुठल्याही लढाईत नाही. बीडनं दोघांबद्दलही स्वतंत्रपणे नोंदवलंय की त्यांना आयरिश उत्तम येत होती. ज्या बापानं भिक्षू कापले, त्याची मुलं आयरिश भिक्षूंच्या भाषेत वाढली आणि त्यांच्याच हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला.

परदेशात वाढायचं म्हणजे नक्की कसं, हे आयरिश कायद्यांत बारकाईनं सापडतं. मूल दुसऱ्याच्या घरी वाढवायला देणं ही तिथली रीतच होती. सात वर्षांच्या आसपास पाठवायचं. मुलगी चौदाव्या, मुलगा सतराव्या वर्षी परत. खाण्याचाही दर्जा ठरलेला. साध्या घरच्या मुलाला ओटची पेज, ताकात नाहीतर पाण्यात शिजवलेली, वर खारवलेलं लोणी. सरदाराच्या मुलाला सातूच्या पिठाची, ताज्या दुधातली, वर ताजं लोणी. राजाच्या मुलाला गव्हाची, आणि वर मध. हे कायदे सातव्या-आठव्या शतकात लिहून काढलेले, त्यामुळे ६१६ सालच्या ताटावर ते जसेच्या तसे ठेवता येणार नाहीत; पण लेखकाला ते सोनं आहे. पळून आलेल्या राजपुत्राच्या पेजेवर काय पडतं, मध की खारं लोणी? त्याला आश्रय देणारा माणूस त्याचं भविष्य काय समजतो, ते त्या वाडग्यात दिसतं. एका चमच्यात राजकारण.

सॅक्सनांच्या बाजूला कायदे आणखी रोखठोक. केंटचा राजा एथेलबर्ट याचे कायदे सन ६०० च्या आसपासचे. त्यात शरीराच्या प्रत्येक तुकड्याची भरपाई ठरलेली: अंगठा तुटला तर २० शिलिंग, मधलं बोट ४, अनामिका ६, करंगळी ११. समोरचा दात ६. करंगळी मधल्या बोटापेक्षा महाग कशी, हा प्रश्न मुलं विचारणारच, आणि गोष्टीत दोन मुलांनी त्यावर वाद घालावा. वेसेक्सचा राजा इने याच्या सातव्या शतकाच्या अखेरच्या कायद्यांत दहा वर्षांचं मूल चोरीत साथीदार धरलं जाऊ शकतं. म्हणजे ‘बालनायक’ किती लहान, याला त्यांच्याकडेच उत्तर आहे: नऊ वर्षांचा मुलगा भाकरी पळवतो तेव्हा ते पोरपण, दहाव्या वर्षी गुन्हा. बाप मेला तर मूल आईकडे, त्याच्या पोटासाठी सहा शिलिंग, उन्हाळ्यात एक गाय, हिवाळ्यात एक बैल. टाकलेलं मूल सांभाळणाऱ्याला पहिल्या वर्षी ६ शिलिंग, दुसऱ्या वर्षी १२, तिसऱ्या वर्षी ३०, आणि त्यापुढे त्याच्या रूपावरून. हे शेवटचं कलम वाचून मी बराच वेळ थबकते. रूपावरून म्हणजे कशावरून? केसांवरून? एका परिच्छेदात अख्खी कादंबरी आहे.

आणि याच कायद्यात तो ‘वेअल्ह’ पुन्हा भेटतो. मारल्याबद्दल द्यायची भरपाई: साध्या इंग्रज शेतकऱ्याची २०० शिलिंग, एक हाइड जमीन (एका कुटुंबाला पुरेल एवढी) असलेल्या वेल्श माणसाची १२०. पण राजाचा निरोप घेऊन घोडा दौडवू शकणारा वेल्श असेल, तर त्याचे २००. परका माणूस घोड्यावर बसला की त्याची किंमत इंग्रजाएवढी होते. वेल्श मुलाला घोडा का हवाय, याचं कारण लेखकाला शोधावं लागत नाही. राजानं लिहून ठेवलंय. फक्त त्याला रिकीब देऊ नये. ती या बेटावर अजून पोहोचलेली नव्हती.

वस्तूंच्या चुका तिथेच सुरू होतात. भूक लागली की पात्र ससा भाजतं. युरोपातला बिळात राहणारा ससा तिथे नॉर्मन आल्यावर स्थिरावला. आधी होता तो रानातला मोठा ससा, जो पोराच्या फासात सहज येत नाही. बटाटा, टोमॅटो, मका तर नाहीच. धुराडं नाही: चूल घराच्या मध्यभागी, धूर गवताच्या छपरातून झिरपून बाहेर जातो, म्हणून घरात उभं राहिलं की डोळे चुरचुरतात आणि जमिनीवर बसलं की बरं वाटतं. कागद नाही. प्रत्येकाच्या कमरेला तलवारही नाही. तलवार म्हणजे श्रीमंती. साध्या माणसाकडे भाला आणि लिंबाच्या लाकडाची गोल ढाल. हा ‘लिंब’ म्हणजे युरोपातलं लाइम झाड, आपला लिंबू नव्हे. मराठीत लिहिताना इथे हमखास घोटाळा होतो. शिंगांचं शिरस्त्राण विसरून जावं.

घर कसं होतं ते सफकमधल्या वेस्ट स्टो गावात पाहता येतं. १९६५ ते १९७२ या काळात तिथे उत्खनन झालं आणि त्याच जागी काही घरं पुन्हा उभारली. सॅक्सन वस्तीतली सर्वांत ओळखीची इमारत म्हणजे खड्ड्यावरची झोपडी: साधारण चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, अर्ध्या मीटरचा खड्डा, दोन टोकांना दोन जाड खांब, वर आढं, त्यावर गवत. जुन्या पुस्तकांत माणसं त्या खड्ड्यात चिखलात राहताना दाखवली जायची, आणि मुलांच्या चित्रांत अजून तसंच येतं. पुन्हा बांधून पाहिल्यावर दुसरी शक्यता पुढे आली: खड्ड्यावर फळ्यांची जमीन, खाली हवा खेळती, म्हणजे ओल नाही. फळ्यांची जमीन असेल तर गोष्टीला एक भेट मिळते. फटीतून पडलेली वस्तू. हाडाची फणी, मणी, सुई. उत्खननात खड्ड्यांतून निघतं ते बरंचसं असंच काहीतरी.

यातल्या काही झोपड्यांत मातीच्या वजनांच्या रांगा सापडतात, म्हणजे तिथे माग होता. मुलगी नायिका असेल तर तिचं अर्धं आयुष्य इथेच जाणार, तेव्हा माग नीट समजून घ्यावा. तो आपल्यासारखा जमिनीलगतचा नाही. दोन उभे खांब भिंतीला टेकवलेले, वर आडवी काठी, तिच्यावरून उभे धागे खाली सोडलेले, आणि खाली प्रत्येक झुबक्याला मातीचं वजन. विणकाम वरून खाली सरकतं, आणि आडवा धागा वरच्या दिशेला ठोकायचा, म्हणून हात सतत डोक्याच्या पातळीवर. खांदे भरून येतात. वजनं सारखी नसली तर कापड एका बाजूला ओढलं जातं. आणि सूत! माग चालू ठेवायला एका विणणारीला अनेक चात्या लागतात. म्हणून चालताना, गुरं राखताना, भांडताना बाईच्या नि मुलीच्या हातात चाती फिरतच असते. जी नायिका सकाळपासून रानात फिरते आणि जिच्या हातात चाती नाही, तिच्या अंगावरचं कापड कुणी कातलं ते लेखकानं सांगावं.

निळा रंग वोड नावाच्या झाडाच्या पानांतून. पानं कुटून गोळे करायचे, कुजवायचे, मग शिळ्या मुतात मुरवायचे. वास असा की हे काम वस्तीच्या टोकाला. रंगद्रव्य आपल्या निळीतलंच, फक्त प्रमाण कितीतरी कमी. लोकर भांड्यातून काढतात तेव्हा पिवळट हिरवी असते आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होत जाते. जादू दाखवायला ड्रुइड लागत नाही.

महिन्यांसाठी बीडचंच दुसरं पुस्तक आहे, सन ७२५ चं, कालगणनेवरचं. त्यात जुन्या इंग्रजी महिन्यांची नावं दिलीत. मे महिना ‘थ्रिमिल्चे’, कारण गाई दिवसातून तीनदा दूध देत. नोव्हेंबर ‘ब्लोटमोनाथ’, बळीचा महिना: हिवाळ्यात चारा पुरणार नाही अशी जनावरं तेव्हा कापायची. महिने चंद्राचे, त्यामुळे दर काही वर्षांनी ऋतू सरकायचे, आणि मग उन्हाळ्यात ‘लिथा’ नावाचा एक जादा महिना धरायचा. अधिक महिना! मराठी वाचकाला टीप द्यायलाच नको. सुगीच्या आधीचे दोन महिने मात्र टंचाईचे, आणि मेजवानी त्या काळात घालणं ही नवख्या लेखकाची आवडती चूक. मेजवानी कशी असते हे पाहायचं तर इनेच्या कायद्यात दहा हाइड जमिनीनं राजाला काय द्यायचं ते आहे: मधाच्या १० पिंपांपासून ३०० भाकऱ्या, १० हंस, २० कोंबड्या, १० चीज, ५ सामन मासे, १०० ईलपर्यंत. त्यात १२ मापं ‘वेल्श बिअर’ वेगळी मोजलीय आणि ३० मापं साधी. परक्या माणसाची किंमत कमी, पण त्याच्या बिअरचं नाव राजाच्या यादीत.

परत भावांकडे. सन ६३३ मध्ये एडविन मारला गेला. कुणी मारला? ग्विनेडचा ख्रिस्ती ब्रिटन राजा कॅडवॉलन आणि मर्सियाचा मूर्तिपूजक इंग्रज पेंडा, या दोघांनी मिळून. ‘सॅक्सन विरुद्ध केल्ट’ हे समीकरण इथे उघडं पडतं. त्याहून जुना पुरावा हवा असेल तर वेसेक्सच्या राजघराण्याचा मूळपुरुष सेर्डिक. हे नाव ब्रिटिश ‘केरेतिक’चं रूप आहे. सातव्या शतकात त्याच घराण्यात कॅडवॅला येतो, तेही ब्रिटिश नाव. सॅक्सन राजाच्या पाळण्यात वेल्श नाव कुणी ठेवलं? आईनं, आजीनं, दाईनं? कादंबरीकाराला असे प्रश्न फुकट मिळतात.

पुढच्या वर्षी ऑस्वाल्ड परतला. लढाईआधी लाकडी क्रूस उभारला, आणि बीड सांगतो की खड्ड्यात माती लोटली जाईपर्यंत तो त्यानं स्वतःच्या हातांनी धरून ठेवला. कॅडवॉलन मेला. मग ऑस्वाल्डनं आयोना बेटावरच्या आयरिश मठाकडे धर्मोपदेशक मागितला. पहिला आला तो कडक होता. ही माणसं ऐकणारी नाहीत म्हणत परत गेला. तिथल्या सभेत एडन नावाचा भिक्षू म्हणाला, तू त्यांना आधी दूध द्यायला हवं होतंस. झालं, सन ६३५ मध्ये त्यालाच पाठवलं. एडनला इंग्रजी धड येत नव्हती. तो आयरिशमध्ये बोलायचा आणि स्वतः राजा आपल्या सरदारांना अर्थ सांगायचा.

हे दृश्य मला या सगळ्या काळातलं सर्वांत सुंदर वाटतं, आणि लढायांच्या नादात ते किती सहज सुटून जातं याची चुटपुट लागते. सरदार बसलेत. एक परदेशी पाद्री बोलतोय. आणि तिशीतला राजा दुभाषा झालाय, बारा वर्षांचा असताना परक्या झोपडीत कमावलेली भाषा घेऊन. कुठल्याशा शब्दाला तो अडखळला असेल. आयरिशमध्ये येतो, इंग्रजीत नाही. त्या क्षणी कोपऱ्यात बसलेलं एखादं पोर काय ऐकतं, तिथून कादंबरी सुरू व्हावी.

पोरंही तयार आहेत. एडननं इंग्रजांची बारा मुलं शिकवायला घेतली होती. त्यातल्या एकाचं, ईटाचं, नाव बीडनं दिलंय, तो पुढे बिशप झाला. उरलेली अकरा नावं लेखकाची. आयरिश गुरुजी, इंग्रज पोरं, शिकायची लॅटिन. पाटी कशी होती तेही ठाऊक आहे: उत्तर आयर्लंडच्या दलदलीत १९१४ साली अशा सहा फळ्यांचा संच मिळाला, यू झाडाच्या लाकडाच्या, मेण भरलेल्या, आणि मेणावर स्तोत्रं कोरलेली. चुकलं की टाकाच्या चपट्या टोकानं मेण घासून पुन्हा लिहायचं. थंडीत मेण कडक होऊन कपचे निघतात. चुलीजवळ फळी ठेवली तर गृहपाठ वितळतो. नाव लिहिताना त्या पोरांना एक अडचण आली असेलच: इंग्रजीत ‘थ’ आणि मऊ ‘द’सारखे उच्चार, लॅटिन अक्षरांत त्यांना जागाच नाही. आपल्याला ही अडचण उलट बाजूनं येते. सेर्डिक की चेर्डिच, हे मराठीत ठरवताना हात थबकतो. माझा सल्ला असा, की जुन्या उच्चाराचा हट्ट दोन-तीन नावांपुरता ठेवावा. पानभर ‘एथेल’ वाचून मूल पुस्तक मिटतं. त्या घराण्यांत नावांची सुरुवात सारखी ठेवायची रीतच होती, ऑस्वाल्ड, ऑस्विउ, ऑस्विन. तेव्हा मुख्य पात्रांपैकी एकालाच ‘ऑस’ द्यावा.

धाकट्या ऑस्विउची गोष्ट मात्र घरगुती. तो राजा झाला, आणि बायको केली केंटमध्ये वाढलेली एनफ्लॅड, त्याच मामाची मुलगी. राजा लहानपणापासून आयरिश पद्धतीनं ईस्टर धरणारा, राणी रोमच्या पंचांगाची. बीड लिहितो की एखाद्या वर्षी राजाचा उपास सुटून सण सुरू व्हायचा आणि राणीचे उपास अजून चालू असायचे. स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी एकाच स्वयंपाकघरात! मुख्य प्रश्न अर्थातच त्या घरातल्या मुलांनी जेवायचं कुठल्या दिवशी. हा तंटा अखेर ६६४ साली व्हिटबीच्या मठात, तिथली प्रमुख हिल्ड हिच्या देखरेखीखाली, भर सभेत सुटला. तिथेही दुभाषा लागला; ते काम बिशप सेडनं केलं. निकाल रोमच्या बाजूनं लागला आणि आयरिश बिशप कोलमन आपली माणसं घेऊन निघून गेला. आपण लहानपणीच्या भाषेला, दादाच्या गुरूंना निरोप दिला, असं ऑस्विउला वाटलं असेल का, हे बीड सांगत नाही. ते त्याचं काम नव्हतं.

बीडकडून घ्यावं, पण मोजून. तो इंग्रज आहे, आणि ब्रिटनांनी इंग्रजांना धर्म शिकवला नाही हा त्याचा राग जागोजागी दिसतो. त्याच्याच एका प्रसंगात ब्रिटनांची बाजू मात्र नकळत उजेडात येते. रोमहून आलेल्या धर्मोपदेशक ऑगस्टिनला भेटायला ब्रिटन बिशप निघाले आणि वाटेत एका संन्याशाला विचारलं, याचं ऐकायचं का? तो म्हणाला, तुम्ही पोहोचल्यावर तो उठून उभा राहिला तर ऐका. ऑगस्टिन बसूनच राहिला. तिथेच फिसकटलं. घरी वडील माणूस आलं तर उठून उभं राहायला शिकलेल्या मुलाला ही सगळी धर्मचर्चा एका खुर्चीत कळते.

पुराव्यांत बीडच्या पलीकडचीही मुलं आहेत. केंटमधल्या अपडाउन इथे सातव्या शतकाच्या सुरुवातीची दफनभूमी आहे. तिथे साधारण अकरा वर्षांची एक मुलगी पुरलेली, सोबत भांडं, सुरी, चमचा, हाडाची फणी, आजूबाजूच्या कबरींसारखीच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात कळलं की तिच्या पूर्वजांपैकी सुमारे तिसरा हिस्सा पश्चिम आफ्रिकेचा. त्याच अभ्यासानं पूर्व नि दक्षिण इंग्लंडमधल्या तेव्हाच्या माणसांचा सुमारे तीन चतुर्थांश वारसा समुद्रापलीकडचा ठरवला, म्हणजे ‘फक्त मूठभर सरदार आले’ हे म्हणणंही मागे पडलं, आणि ‘सगळे जुने लोक मारले’ हेही. एकाच दफनभूमीत दोन्हीकडची नि मिसळलेली माणसं आहेत.

शेवटी एक अंगाई. ब्रिटनांच्या उत्तरेकडच्या राज्यातून सन ६०० च्या आसपास तीनशे योद्धे इंग्रजांवर चालून गेले आणि बहुतेक सगळे मेले, अशी एक लांबलचक शोककविता आहे. तेराव्या शतकातल्या तिच्या हस्तलिखितात, मध्येच, युद्धाशी काही देणंघेणं नसलेलं एक बाळगाणं कुणीतरी उतरवून घेतलंय. दिनोगद नावाच्या बाळाचा झगा, ठिपक्यांचा, मार्टेन नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या कातड्यांचा, आईनं शिवलेला. तुझा बाप शिकारीला जायचा तेव्हा खांद्यावर भाला असायचा, हातात सोटा; कुत्र्यांना हाका मारायचा, गिफ, गाफ, धर, आण. होडीत बसून मासे मारायचा, डोंगरातून रानडुक्कर आणायचा, हरीण आणायचा. बाप सगळीकडे ‘जायचा’, ‘आणायचा’. कुठेच ‘जातो’ नाही. आणि त्याच गाण्यात, बापाच्या शिकारीशेजारी, आठ गुलामही आहेत. कुत्र्यांची नावं गाण्यात आहेत. त्या आठांची नाहीत.